रिकामा डबा परत करू नये

१ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. बाहेरचं खाणं बंद, प्लास्टिक बंद, पाकिटबंद माल बंद. ज्या वस्तूचं मूळ-कूळ ठाऊक नाही, तिला घरात प्रवेश नाही. जग सुधारायचं तर सुरुवात आपल्या शेगडीपासून करावी.

लंबूला सगळं समजावून सांगितलं. तो दात घासत होता. 'हं' म्हणाला. शाळेपासूनची दोस्ती असली की भाषणं लागत नाहीत.

दुपारी

घरमालकाचा फोन. महिनाअखेर करार संपतोय. पुढच्या वर्षासाठी दोघांच्या सह्या पाहिजेत, नाहीतर खोल्या सोडा म्हणाले. लंबूला विचारलं. तो 'बघू' म्हणाला. लंबूचं 'बघू' म्हणजे 'हो'च असतं.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. लंबूशिवाय या शहरात मला राहायचं नाही. त्याला हे सांगणार नाही, शेफारून जाईल. वेगळा उपाय आहे. घरचं, स्वच्छ, सचोटीचं अन्न दोन वेळा पोटात गेलं की माणूस घर सोडत नाही. महिना पुरेसा आहे.

३ फेब्रुवारी

बिनपाकिटाचं दुकान सापडलं! मागच्या गल्लीत, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. आपल्या बरण्या घेऊन जायच्या, भरून आणायच्या. दुकानवाल्या बाई नाकावर चष्मा ठेवून प्रत्येक दाण्याची जन्मकुंडली सांगतात. मसूर कुणाच्या शेतातला, मध कुणाच्या पेट्यांमधला. ऐकूनच पोट भरलं.

मिठापाशी मात्र घोडं अडलं. मीठ कुठून येतं विचारलं. समुद्रातून म्हणाल्या. कुठल्या? काढतं कोण? त्या लोकांना सुट्टी मिळते का? बाईंनी मिठाचं माप खाली ठेवलं. चष्मा काढून माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. घेतलं नाही. घरातली मिठाची पुडी प्लास्टिकची होती, ती परवाच बाहेर काढली आहे. निष्कलंक मीठ मिळेपर्यंत मिठाविना राहू. भाज्यांमध्ये स्वतःचं मीठ असतंच.

बरण्यांवर चिठ्ठ्या लावणार नाही. चिकटवायचा डिंक कशापासून करतात याची खात्री नाही. माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

४ फेब्रुवारी

पहिला स्वयंपाक: राजमा आणि भात. राजमा भिजत घालायचा असतो हे दुकानवाल्या बाईंनी सांगायला हवं होतं. बराच वेळ शिजवला, तरी दाणे आतून ताठच राहिले.

लंबू मोजकंच जेवला. त्याने मीठ मागितलं. मीठ ही फक्त जिभेची सवय आहे, असं मी त्याला सांगितलं. मग त्याने पाणी मागितलं आणि एकेक दाणा गोळीसारखा गिळला. अन्न टाकत नाही हा मुलगा. संस्कार.

मी स्वतः फार जेवलो नाही. शिजवणाऱ्याचं पोट वासानेच भरतं.

५ फेब्रुवारी

राजमा उरला होता. टाकणं म्हणजे पाप. एकदम सुचलं, तळमजल्यावरच्या नर्समावशी! हॉस्पिटलातून रिटायर झाल्या, एकट्या राहतात, गुडघा धरलेला. बिचाऱ्या काय खात असतील? बहुतेक बिस्किटं. जुन्या बाजारातून आणलेला स्टीलचा डबा घासला, भरला आणि नेऊन दिला.

मावशींनी झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत होत्या. मग विचारलं, हे तू केलंस का रे बाळा, आणि तू हे खाल्लंस का? आवाज कापरा झाला होता. भारावल्या.

ठरवलं, आता रोज एक डबा खाली द्यायचा.

६ फेब्रुवारी

मावशींनी डबा परत पाठवला. रिकामा नाही! आत लोण्यावर परतलेले बटाटे, वर मिरपूड, बाजूला मटार. रिकामा डबा परत करू नये, असं त्यांची आई म्हणायची म्हणे. माझ्यामुळे बाईंना पुन्हा स्वयंपाकाची उमेद आली. एका राजम्याने हे केलं!

पण अडचण आहे. लोणी वेष्टनातलं. इतके एकसारखे मटार येतात कुठून? गोठवलेल्या पिशवीतून. मला तत्त्व म्हणून खाता येत नाही. टाकताही येत नाही. शेवटी लंबूला विनंती केली. त्याने सगळं संपवलं, डबा बोटाने पुसला. मित्राच्या तत्त्वासाठी माणूस काय काय करतो! डोळे भरून आले माझे. लंबूचेही आले होते.

९ फेब्रुवारी

सगळं सुरळीत. सकाळी मी शिजवतो, लंबू डबा खाली नेतो. मी नेतो म्हटलं तर नको म्हणाला, स्वतःच धावत गेला. संध्याकाळी डबा वर येतो. कालचं: कोंबडीचं सूप. परवाचं: भाजलेला मासा. लंबू निमूटपणे माझ्या वाटचं संकट पोटात घेतो. माझ्या हातच्या जेवणाला नंतर पोटात जागा राहत नाही म्हणतो, पण तो माझ्यासाठीच झिजतोय हे मला कळतं.

झिजतोय म्हणजे मनाने. शरीराने भरलाय. गाल वर आलेत. माझ्या स्वयंपाकाचा परिणाम दिसू लागला.

माझी पँट सैल झाली आहे. हलकं वाटतं. मधूनमधून फारच हलकं.

११ फेब्रुवारी

आज बाजारात मोठा शोध! कोपऱ्यावरचा भाजीवाला कोबीची वरची पानं, वाकडी गाजरं, मुळ्याचे शेंडे असं सगळं एका वेगळ्या टोपलीत टाकतो. जगाने नाकारलेल्या भाज्या. मी अख्खी टोपली घेतली. त्याला भलताच आनंद झाला. ससे किती आहेत विचारलं. प्रश्न नीट कळला नाही, पण दोन आहेत म्हणालो. घरात आम्ही दोघेच तर आहोत. पोटभर खातात का? एक खातो, म्हटलं. उद्यापासून टोपली माझ्यासाठी राखून ठेवणार आहे. माणसं जोडता आली पाहिजेत.

कोबीची पानं उकडून लंबूला वाढली. म्हणाला, आधी मावशींचा डबा संपवतो. वाया जायला नको. आता तोही माझ्यासारखाच बोलायला लागला आहे.

१३ फेब्रुवारी

कॉलेजच्या लायब्ररीत डोळ्यांपुढे अंधारी आली. अभ्यासाचा ताण. कँटीनमध्ये जाऊन दोन सँडविच खाल्ली. ती चार वाजता टाकून देतात, त्यामुळे खाणं हेच योग्य होतं. त्यांना बटर लावलं होतं. मीठही असावं. केवळ तुलनेसाठी तिसरं घेतलं.

लंबूला सांगितलं नाही. त्याचा विश्वास डळमळला असता.

१५ फेब्रुवारी

मसुराचं सूप. पातळ झालं म्हणून तिसऱ्या बरणीतलं तांदळाचं पीठ घातलं. सुंदर फेस आला. आंबवण्याची क्रिया आपोआप सुरू झाली असावी; असं क्वचित साधतं. भांडं भरून वाहिलं. डबा खाली पाठवला.

संध्याकाळी

नर्समावशी स्वतः वर आल्या! तीन मजले, त्या गुडघ्यानिशी, कठडा धरत. दारातच विचारलं, कुणी प्यायलं का? लंबूला जवळ ओढून त्याची जीभ पाहिली, डोळे पाहिले. मग माझी जीभ पाहिली. सुपात काय काय घातलं ते तीनदा विचारलं. रेसिपी हवी असणार. मी हातचं राखून न ठेवता सगळं सांगितलं. त्यांनी बरण्यांचा वास घेतला आणि भांडं उचलून सिंकमध्ये ओतलं. वयाप्रमाणे हात थरथरतो. मी मनावर घेतलं नाही.

खाली जाताना मला म्हणाल्या, अरे, मीठ नाही म्हणून काय झालं, निदान साबण तरी घालू नकोस. काहीतरी गैरसमज झालाय त्यांचा.

सूप कुणीच प्यायलं नव्हतं. लंबू कालच्या बटाट्यांवर होता, मी कँटीनमध्ये. तिघांचीही तब्येत उत्तम. म्हणजे सूप निर्धोक होतं.

१६ फेब्रुवारी

लंबूची उद्या मुलाखत. सुट्टीतलं काम, मोठ्या कारखान्यात, पुढे नोकरीही लागू शकते. त्याचा पांढरा शर्ट मीच धुवायला घेतला. आपलं माणूस. चौथ्या बरणीतली साबणपूड, झाडाच्या फळांपासून केलेली, नदीला निरुपद्रवी. फेस आला नाही. खरा साबण फेसाचा देखावा करत नाही.

१७ फेब्रुवारी

शर्ट वाळला आणि उभा राहिला. खुर्चीत ठेवला तर बसला. इस्त्रीची वीज वाचली, असं मी म्हणालो. लंबूने कपाट उघडलं. चौकड्यांचा शर्ट घालून गेला.

म्हणजे चौथ्या बरणीत पीठ. मग तिसऱ्या बरणीत?

असो. झालं गेलं. भूतकाळ उकरून काय मिळतं.

१९ फेब्रुवारी

आईचा फोन. काय जेवलास विचारलं. मी कोबी, बीट, मसूर असं सगळं सांगितलं. मीठ-बीठ नीट घालतोस ना विचारलं. आईला कसं कळतं कोण जाणे! मी मिठाबद्दलची भूमिका समजावली. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तू बारीक झालायस. मी विचारलं, फोनवरून कसं कळलं? आवाजही वाळतो म्हणाली.

लंबूला फोन दे म्हणाली. तो गॅलरीत जाऊन अर्धा तास बोलला. आत आला तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मुलाखत चांगली झाली असणार.

२१ फेब्रुवारी

लंबू हल्ली संध्याकाळी खाली असतो. मावशींचा नळ गळतो, तो दुरुस्त करतोय. परवा बल्ब बदलला. काल खिडकीची कडी. घर जुनं असल्यावर कामं निघतातच. परत येतो तेव्हा अंगाला तळलेल्या कांद्याचा वास असतो. मी डबा देऊन पायंडा पाडला, तो पुढे नेतोय.

घरात मात्र शांतता फार. एकटं जेवताना स्वतःच्या दातांचा आवाज ऐकू येतो. म्हणून जेवलो नाही. बिस्किटं खाल्ली. पुडा लंबूचाच होता, त्यामुळे मी विकत घेतला असं होत नाही.

घरमालकाचा पुन्हा फोन. सह्यांचं काय? २५ तारखेला सांगतो म्हणालो. त्या दिवशी मेजवानी करायची आणि जेवणानंतर लंबूपुढे कागद ठेवायचा. भरल्या पोटी माणूस नाही म्हणत नाही.

२३ फेब्रुवारी

जिन्यात नर्समावशी भेटल्या. मला थांबवलं, बोलू की नको असं करत होत्या. मग म्हणाल्या, आतली खोली रिकामीच आहे, गुडघा असा, रात्री-अपरात्री कुणी हाकेला असलेलं बरं. एखादा मुलगा ठेवावा म्हणते. मी म्हटलं, ठेवाच! त्या म्हणाल्या, पण कुणाला वाईट वाटायला नको. मी म्हटलं, वाईट कसलं? चांगला, शांत, हाताने काम येणारा बघा. आमच्या लंबूसारखा.

त्यांनी माझा हात धरला. तुला खरंच चालेल ना बाळा? मी म्हटलं, मला का नाही चालणार! उलट तुम्ही उशीर करताय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती मोठ्या मनाचा आहेस म्हणाल्या.

दोन शब्द सल्ल्याचे दिले तर केवढा आधार वाटतो लोकांना. वर येताना जिना हलका वाटला. पँट घट्ट धरावी लागली, तेवढंच.

२५ फेब्रुवारी, सकाळी

मेजवानी. बीट आणि सफरचंद एकत्र शिजवलेलं, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, आणि घरचा पाव. पाव फुगला नाही, पण टिकाऊ झाला आहे. टेबलावर लंबूचं आवडतं टेबलक्लॉथ. कराराचे कागद ताटाखाली सरकवून ठेवलेत.

रात्री

लंबू आला. उभाच राहिला. ताटाकडे बघून म्हणाला, सांगायचं होतं, जमत नव्हतं. पहिल्या तारखेपासून खाली राहायला जातोय. मला वाटलं, खाली म्हणजे तळघरात, सायकली ठेवतात तिथे. म्हटलं, तिथे कशाला? नाही म्हणाला, मावशींकडे. आतल्या खोलीत. त्यांनी तुला विचारलं, आणि तू आनंदाने हो म्हणालास असं त्या म्हणाल्या, म्हणून तर मला धीर आला.

मी म्हटलं, माझं काही चुकलं का? तो म्हणाला, तू चांगला आहेस रे. तुझ्यासारखा मित्र मिळणार नाही. पण मला भूक लागते.

ताट तसंच राहिलं. कागद तसेच ताटाखाली.

२६ फेब्रुवारी

संताप. रागाच्या भरात लिहायला बसलो की लंबू खाल्ल्या मिठाला जागला नाही. अर्धं वाक्य लिहून थांबलो. कसलं मीठ?

खोडून टाकलं.

२७ फेब्रुवारी

विचार केल्यावर वाटतं, हे तात्पुरतं आहे. बाई मुलाला फार दिवस ठेवणार नाहीत. लंबू घोरतो. आठवड्यात वर येईल. तोवर नवीन जोडीदार बघू. घरमालकांनी पंधरवड्याची मुदत दिली आहे. कॉलेजच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: 'खोली, उजेड, घरचं सचोटीचं जेवण.' टाचणीने. डिंक नाही.

१ मार्च

लंबू गेला. खुर्ची, गादीवरची चादर, टेबलक्लॉथ, तीन पुस्तकं. मी सामान उतरवायला मदत केली. मावशींच्या दारातून आत पाहिलं. टेबलावर दोन ताटं मांडलेली. मला पाहून मावशींनी तिसरं काढलं. आग्रह केला, अगदी हाताला धरून. लोण्याचा वास येत होता. मी म्हणालो, वर माझा स्वयंपाक झालाय.

झाला नव्हता.

वर येऊन लंबूची गादी उचलली, झाडायला म्हणून. खाली मिठाची पुडी. प्लास्टिकची. मी १ फेब्रुवारीला बाहेर काढलेली तीच. कोपरा कापलेला, रबर लावलेलं, अर्धी संपलेली. म्हणजे सुरुवातीला तो माझंच खात होता. लपून मीठ लावून, पण खात होता. किती दिवस प्रयत्न केला असेल त्याने?

पुडी टाकली नाही. तिथेच ठेवली.

३ मार्च

चिठ्ठी वाचून एक मुलगा आला होता. खोली आवडली, उजेड आवडला. स्वयंपाकघरात गेला, कढईचं झाकण उघडलं, हळूच परत ठेवलं आणि विचारलं, घरात कुणी आजारी आहे का? फोन करतो म्हणून गेला. फोन आला नाही.

दुपारी बरंच सावरलो. योजना साधी आहे: लंबूला आपण काय सोडून आलो हे कळायला हवं. मसूर, कोबी आणि वाकडी गाजरं यांचा रस्सा केला. मन लावून. डबा भरला आणि मावशींच्या दारात ठेवून बेल वाजवून वर पळालो. दोघं बसून खातील. लंबूला चव आठवेल.

आणि डबा परत येईल. रिकामा नाही येणार. मावशी तसं करत नाहीत. या वेळी तत्त्व वगैरे काढायचं नाही. लोणी असो, मटार असो, जे येईल ते मी खाणार. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. कँटीनलाही सुट्टी आहे.

४ मार्च, संध्याकाळी

जिन्यात पावलं वाजली. लंबूची. दारापाशी थांबली. मला वाटलं, आत येईल. मी उठून शर्ट नीट केला. पावलं परत खाली गेली.

दारात डबा. जड! उचलल्याबरोबर कळलं. झाकण गच्च बसलं होतं. बटाटे असतील असं वाटलं. मासाही असू शकतो. टेबलावर ठेवला, चमचा आणला, खुर्ची नाही म्हणून गादीवर बसलो.

रस्सा. माझाच. काल भरला होता तसाच, काठोकाठ. वरचं गाजरही हललेलं नव्हतं.

रिकामा डबा परत करू नये, ते त्यांनी पाळलं.

टाकणं म्हणजे पाप. खाल्ला. महिनाभरात माझ्या हातचं पूर्ण असं पहिल्यांदाच खाल्लं. दोन घास झाल्यावर गादीखालची पुडी काढली. चिमूटभर मीठ घातलं. ढवळलं. आणखी घातलं. तरी काही उपयोग झाला नाही. मिठाचा प्रश्नच नव्हता.

लंबूची आठवण येते. खालून भांड्यांचा आवाज आला, मग दोघांचं हसणं.

डबा घासून ठेवला. आता तो कुणाकडून यायचा नाही आणि कुणाला द्यायचा नाही. पालथा घातलाय, म्हणजे रिकामा दिसत नाही.